सहा नंबरची जागा

१७ मे २०२१, सोमवार. दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या गल्लीतला सहा नंबरचा सोनमोहर पडला.

वार-वेळ सांगता येते कारण ती वहीत आहे. मी तेहेतीस वर्षं बँकेत कॅशियर होते. निवृत्त झाल्यावर दादरच्या हिंदू कॉलनीतल्या आमच्या गल्लीतल्या झाडांना मी नंबर दिले, कोपऱ्यावरच्या झाडापासून एक ते चौदा, आणि दोनशेपानी वहीत प्रत्येकाला चार-चार पानं वाटून दिली. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर किती, फुलं कधी आली, कुठली फांदी कधी छाटली, जाहिरातीचा खिळा कुणाला मारला, एवढंच त्यात लिहायचे. तीन नंबरच्या पानावर आधीच एक आडवी रेघ होती. ते २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळात गेलं.

तौक्ते वादळ मुंबईत शिरलं नाही. समुद्रातूनच गुजरातकडे गेलं, तरी कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला आणि सांताक्रूझला एका दिवसात २३० मिलिमीटर पाऊस झाला. मे महिन्यात! मी चहाचं आधण ठेवलं होतं. मांजरपाट फाडावा तसा लांबलचक आवाज आला आणि खिडकीतली हिरवी गर्दी एका बाजूला कलली. मग जमीन हादरली. लॉकडाऊनमुळे रस्त्यावर कुणी नव्हतं म्हणून माणसं वाचली. खाली उभ्या असलेल्या दोन गाड्या चेपल्या. संध्याकाळपर्यंत पाच, नऊ आणि अकरा हेही गेले. मुंबईत त्या वादळात दोन हजारांहून जास्त झाडं पडली, त्यातली आमची चार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यापाशी गेले तर ओट्यावर ऊन होतं. या घरात मी लग्न होऊन आल्यापासून त्या ओट्यावर कधी ऊन आलं नव्हतं. मांडणीवरची भांडी चमकत होती, डब्यांवरची पुसट नावं वाचता येत होती. मी गॅस बंद केला आणि पाटावर बसून रडले. ह्यांना वाटलं, गावाहून काही वाईट बातमी आली.

करवतवाले आले त्या दिवशी मी खाली जाऊन सहा नंबरची मुळं नीट पाहिली. एवढा मोठा वृक्ष, त्याच्या मुळांचा पसारा मात्र जेवणाच्या ताटासारखा चपटा. इमारतीच्या बाजूला मुळं लांब गेलेली, तुटताना धागे धागे निघालेले. रस्त्याच्या बाजूला मात्र बोटाइतक्या, मनगटाइतक्या जाड मुळांची टोकं एका रेषेत सरळ कापलेली होती आणि काळी पडली होती. ती वाऱ्याने तुटलेली नव्हती. मी वही उघडली. काही वर्षांपूर्वीच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं : ‘फूटपाथला चर. केबल. पाच ते अकरा. मुळं दिसतायत.’ ते काम कुणी केलं, कुणासाठी केलं, हे आता उगाळण्यात अर्थ नाही. पण वादळाने पाडलं असं सगळे म्हणत होते, आणि माझ्यासमोर ती करवतीची रेघ होती. त्या चरावर पुढे पेव्हर ब्लॉक बसले, बुंध्याला काँक्रीटचा गळपट्टा बसला. दिल्लीतल्या झाडांसाठी राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ सालीच सांगितलं होतं की बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा. आमच्या सहा नंबरला एक वीतही मोकळी माती नव्हती. तरी ते उभं राहिलं होतं, हेच खरं तर नवल.

ही झाडं इथे आली कशी, ते थोडं सांगायला हवं. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या चाळींतून माणसं पटापट मेली. त्यानंतर १८९८ साली सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दादर, माटुंगा, वडाळा, शीव हा तेव्हाचा शेतं-वाड्यांचा भाग ट्रस्टने आखून काढला : रुंद रस्ते, इमारतींमध्ये मोकळी जागा, बागा, हवा खेळेल अशी घरं. आमची हिंदू कॉलनी त्यातलीच, आणि शेजारची पारशी कॉलनीही. त्याच ट्रस्टमध्ये मंचेरजी एदलजी जोशी नावाचे इंजिनिअर होते. मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ भूखंड त्यांनी ट्रस्टकडून मिळवले आणि कॉलनीचा आराखडा करताना कुठल्या रस्त्यावर कुठलं झाड, हेही ठरवलं. इमारती चढायच्या आधी झाडं लागली, असं तिथली जुनी माणसं अभिमानाने सांगतात. फिरदौसी रोडला महोगनी, जाम-ए-जमशेद रोडला अशोक. डोळे बांधून सोडलं तरी पायाखालच्या पानांवरून रस्ता ओळखता यावा, अशी ती योजना. मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती हीच : एका रस्त्याला एकच झाड.

आमच्या गल्लीचं झाड सोनमोहर. कुणी त्याला पीतमोहर म्हणतं, आमच्या घरात ‘पिवळा गुलमोहर’. सासरे १९५१ साली इथे राहायला आले तेव्हा झाडं दुसऱ्या मजल्याला टेकली होती, असं ते सांगायचे. मार्च सरला की शेंड्यांवर पिवळे तुरे उभे राहायचे आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी दूध आणायला निघालं की रस्ता दिसायचा नाही, पिवळी भुकटी पसरल्यासारखा. रस्ता झाडणारा एक मामा होता, तो फुलं शेवटी झाडायचा. आधी कागद, पिशव्या, मग थोडा वेळ कठड्यावर बसायचा, मग फुलं.

जोशींचा पुतळा पारशी कॉलनीत आहे, आणि असायलाच हवा. पण सहा नंबरच्या खड्ड्याकडे बघताना माझ्या मनात वेगळाच माणूस येत राहिला. रोप लावलं ते एका सकाळी. पुढचे दोन-तीन उन्हाळे त्याच्या मुळाशी पाणी कुणी घातलं? कुणीतरी माळी असणार. बादली किंवा मशक घेऊन तो एकेक आळं भरत या टोकापासून त्या टोकाला जात असणार, आणि त्याला माहीत असणार की याची सावली आपल्याला मिळायची नाही. ती सावली मी एकतीस वर्षं वापरली. त्या माणसाचं देणं माझ्या अंगावर आहे असं मला अगदी स्पष्ट वाटलं.

त्याच वर्षी महाराष्ट्राच्या १९७५च्या झाडांच्या कायद्यात बदल झाला. पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड ‘वारसा वृक्ष’ धरायचं आणि असं झाड तोडायची परवानगी मिळाली तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. चांगला कायदा आहे. पण मी हिशेबाची बाई आहे, मला लगेच प्रश्न पडला : सत्तर वर्षांच्या झाडामागे सत्तर रोपं, ती लागणार कुठे? कुठल्यातरी टेकडीवर, कुठल्यातरी मोकळ्या भूखंडावर. ती जगोत. पण आमच्या गल्लीत सहा नंबरची जागा एकच आहे, पाच आणि सात यांच्या मधली, आणि ओळ जुळायची तर झाड तिथेच हवं.

मग सुरू झाली वर्षभराची खेपाखेप. पडलेल्या झाडाचा बुंधा जमिनीत असेपर्यंत त्या जागी काही लावता येत नाही. बुंधे निघायला फेब्रुवारी उजाडला. महापालिकेच्या एफ-उत्तर विभागाच्या उद्यान खात्यात आम्ही अर्ज दिला, नकाशा जोडला, माझ्या वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या. तिथल्या एका तरुण अधिकाऱ्याने ती पानं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, “काकू, ही वही मूळ आहे ना? जपून ठेवा.” परवानगी मिळाली. पाचपैकी चार खड्ड्यांना. नऊ नंबरच्या खाली विजेच्या केबलींचं जाळं निघालं, तिथे नाही म्हणाले.

झाड कुठलं लावायचं यावरून आमच्यात खरी जुंपली. बैठक आमच्या पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. पहिल्या मजल्यावरचा मुलगा रुईया कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होता. त्याचं म्हणणं, सोनमोहर मुळात आग्नेय आशियातला, वाढतो झपाट्याने पण लाकूड ठिसूळ, गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेतला. शोभेसाठी आणलेली ही झाडं वादळात आधी पडतात. आता देशीच लावू, आणि चार खड्ड्यांत चार प्रकारची, म्हणजे कीड आली तर सगळी एकदम जाणार नाहीत. पोराचं बोलणं बिनतोड होतं. पर्जन्यवृक्षांना पिठ्या ढेकूण ही पांढरी कीड लागून मुंबईत रांगाच्या रांगा वाळल्या, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

जवळच्या पाच उद्यानात, म्हणजे ‘फाइव्ह गार्डन्स’मध्ये, सकाळी माझ्याबरोबर चालणाऱ्या एक पारशी आंटी आहेत, त्या वेळी एक्क्याऐंशीच्या. गल्ली त्यांची नाही, तरी त्या काठी टेकत बैठकीला आल्या. त्यांना सोनमोहरच हवा होता. “माझा भाऊ इथून शाळेत जायचा, तेव्हापासून हा रस्ता पिवळा आहे. तुम्ही तो हिरवा-जांभळा करणार? मग मला रस्ता सापडेल कसा?” सगळे गप्प. आंटींना एका डोळ्याने फारसं दिसत नाही, त्या हे कौतुकाने म्हणत नव्हत्या.

मी दोन दिवस विचार केला. मुलाची चार झाडं चार जातींची, म्हणजे बाग झाली असती, रस्ता नाही. आंटींचा सोनमोहर म्हणजे त्याच अरुंद मातीत पुन्हा तेच भारी डोकं. शेवटी मी बैठकीत सांगितलं की योजना जोशींच्या मनातली ठेवू, झाड बदलू. सगळीकडे एकच जात, पण वाऱ्याला टिकणारी. आज चार लावायची, आणि पुढे सोनमोहर जसजसे जातील तसतशी त्याच जातीने ओळ भरायची. नावं निघाली : ताम्हण, करंज, बकुळ, सीताअशोक. ताम्हण आपलं राज्यफूल, मला फार प्रिय, पण उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गाळतं आणि आम्हाला सावली नेमकी तेव्हा हवी असते. बकुळ बारमाही हिरवी, लाकूड चिवट, समुद्राची खारी हवा सोसते. वाढते सावकाश, हा दोष म्हणा की गुण. आंटींनी विचारलं, “सुगंध येतो ना? खाली पडतात ना फुलं?” पडतात म्हटलं, पहाटे पडतात, वाळली तरी वास जात नाही. “मग चालेल,” त्या म्हणाल्या. “नाकाने ओळखीन.”

जून २०२२मध्ये पहिला जोराचा पाऊस होऊन गेला आणि आम्ही खणायला घेतलं. पेव्हर ब्लॉक हाताने उचलले, पहारीने काँक्रीट फोडलं. खाली माती नव्हतीच म्हणा, राबिट होतं : विटांचे तुकडे, मंगलोरी कौलं, जुन्या लाद्या, आणि गोटी सोड्याच्या बाटलीतली एक हिरवी गोटी. ती माझ्याकडे आहे. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल असा एकेक खड्डा. राबिट सगळं बाहेर, आत लाल माती, कुजलेलं शेणखत, थोडी नीमपेंड. रोपं आठ-नऊ फुटांची होती. पिशवी फाडली तर मुळं आतल्या आत गोल गोल फिरलेली. ती तशीच लावली असती तर झाडाने पुढे स्वतःच्याच मुळांनी स्वतःला आवळलं असतं. मुलाने कात्रीने ती वेटोळी उभी चिरली, मला बघवेना, पण तो बरोबर होता.

आणि खरा जाणकार निघाले आमचे वॉचमन. जौनपूरकडचे, घरी शेती. आम्ही बुंध्याशी मातीचा ढीग करून त्यावर पाणी ओतत होतो. ते बघत राहिले, मग पुढे येऊन म्हणाले की ताई, पाणी बुंध्याला पाजायचं नसतं, मुळाच्या टोकाला पाजायचं असतं. त्यांनी ढीग मोडला, बुंध्याजवळ उंच आणि कडेला खोल असं गोल आळं केलं, दर पावसाळ्यानंतर ते हातभर बाहेर सरकवायचं असं शिकवलं. बांबूचा आधार दिला तो सुतळीने करकचून बांधायचा नाही, जुन्या सुती साडीच्या पट्टीने आठाच्या आकड्यासारखा सैल बांधायचा, म्हणजे खोड वाऱ्यात थोडं हलतं आणि हललं की जाड होतं. माझ्या दोन साड्या त्यात गेल्या. शिवाय प्रत्येक आळ्यात दोन फुटी प्लास्टिकचे दोन पाइप, भोकं पाडून उभे गाडले. पाणी वर सांडून वाहून जात नाही, खाली जातं, आणि मूळ त्याच्या मागे खाली जातं. सहा नंबरची ती ताटली मी विसरले नव्हते.

लावायच्या दिवशी साठ माणसं होती. मुलांनी हातात माती घेतली, फोटो निघाले, बटाटेवडे झाले. डिसेंबरात पाणी घालायला आम्ही पाच होतो. मार्चमध्ये तिघं.

डिसेंबर ते मे, एक दिवस आड, प्रत्येक झाडाला वीस लिटर. नळाचं पाणी वापरायचं नाही असं आम्ही आधीच ठरवलं होतं. आमच्या इमारतीच्या मागे जुनी विहीर आहे, तिच्यावर पंप आहे. रंगाचे रिकामे डबे धुऊन घेतले, प्रवासाच्या बॅगेची जुनी ट्रॉली घेतली, त्यावर एका वेळी दोन डबे बसतात. सकाळी साडेसहाला त्या चाकांचा खडखडाट झाला की समोरच्या इमारतीतल्या आजी खिडकीतून हात करतात. वहीत तारखेपुढे सही करायची, ज्याने घातलं त्याने. एप्रिलमध्ये माझ्या गुडघ्याने संप केला तेव्हा तीन आठवडे ह्यांनी सह्या केल्या.

एप्रिल २०२३मध्ये अकरा नंबरची बकुळ गेली. आठ दिवसांत पानं कडेने तपकिरी झाली, मग सगळीच. आळ्यातली माती उकरली तर वर राखाडी कवच. जवळच एक इमारत पाडून नवी उभी राहत होती, तिथलं सिमेंट कालवलेलं पाणी रोज संध्याकाळी उतारावरून येऊन आमच्या आळ्यात साठत होतं. मी तिथल्या मुकादमाशी बोलले, आवाज चढवला, हात जोडले. त्यांनी उताराला विटांचा बांध घातला. त्या जूनमध्ये आम्ही अकराचा खड्डा पुन्हा तळापर्यंत उपसला, माती बदलली, दुसरी बकुळ लावली. तिचं वय इतरांहून एक वर्षाने कमी आहे, आणि ते तिच्या पानावर तसंच लिहिलं आहे.

जुने सोनमोहर आता नऊ आहेत. उरलेल्या नऊ जणांभोवतीचं काँक्रीट आम्ही अर्ज करकरून काढून घेतलं, प्रत्येकाला निदान एक मीटर मोकळी माती मिळाली. पहिल्या पावसानंतर चार नंबरच्या त्या मातीत बारीक पांढरी मुळं वर आली होती. मला वाटतं नव्या झाडांइतकंच हे काम महत्त्वाचं आहे, पण याचा फोटो कुणी काढत नाही आणि या कामाला साठ माणसं येत नाहीत.

आंटी आता पाच उद्यानापर्यंत येत नाहीत. मी त्यांच्याकडे जाते. गेल्या वर्षी पाच नंबरने पहिली फुलं टाकली, मोजून सतरा. रुमालात बांधून नेली. त्यांनी रुमाल नाकाशी धरला, बराच वेळ. मग म्हणाल्या, “हे काय, एवढीच?” मी म्हटलं, आंटी, ती सावकाश वाढते. “मग लवकर लावायची होती,” त्या म्हणाल्या, आणि रुमाल परत दिला नाही.

नऊ नंबरचा खड्डा अजून पेव्हर ब्लॉकखाली आहे. केबली दोन फूट बाजूला सरकवता येतील का, असा नवा अर्ज दिला आहे, त्याचा क्रमांक वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलाय. एक बकुळ आमच्या गच्चीवर मोठ्या पिंपात वाढते आहे, तिलाही मी नऊ म्हणते.

आणि परवा रविवारी सहा नंबरचा लोखंडी पिंजरा काढला. खोड गजांना घासू लागलं होतं, आणखी वर्षभर ठेवला असता तर साल कापली असती. वॉचमन आणि रुईयाचा मुलगा (आता नोकरीला आहे, पण आला) दोघांनी करवतीने गज कापले. साडीची पट्टी सोडली. बांबू काढला. झाड जरासं डुललं आणि उभं राहिलं. मी फीत लावली. छातीच्या उंचीवर घेर : २३ सेंटिमीटर. पिंजरा घासून, रंगवून गच्चीवर नेऊन ठेवला आहे, नऊ नंबरसाठी.